चार तोफा की पंधरा खात्रीचे? फँटसी रग्बीचं बजेट कुठं लावायचं

फँटसी रग्बी म्हणजे खऱ्या खेळाडूंची कागदावर टीम लावायची आणि मैदानात ते जसे खेळतील तसे पॉइंट घ्यायचे. त्यात पहिल्यांदा टीम लावायला बसलेला माणूस एकाच जागी अडतो. बजेट ठरलेलं, जागा 15, आणि जो आवडतो तो नेमका महाग. क्रिकेटच्या टीम लावायची सवय असलेल्या आपल्या पोरांना दोन सल्ले मिळतात. पहिला : "भावा, चार तोफा (म्हणजे महागडे तारे) घे, बाकीचं काय बी भर." दुसरा : सगळे मध्यम किमतीचे घे, पण एकही जागा वाया घालवू नकोस. मी दोन्ही करून पाहिलंय. माझं मत आधीच सांगतो. तोफ एकच घ्यावी, फार तर दोन, आणि तीही कुठल्या जागेवर हे बघून. नावाला भुलून नाही.

कोल्हापुरात गंगावेशीत रात्री दूध प्यायला उभं राहिलो की आमची वही निघते. डाव्या पानावर मित्राची टीम, उजव्या पानावर माझी. त्या वहीतला हिशेब इथं मांडतो. बजेट 200 क्रेडिट धरा. 15 जणांत वाटलं तर माणशी 13 च्या वर थोडं येतं. आता 22 क्रेडिटचे चार तारे घेतले तर 88 गेले. उरलेल्या 112 मध्ये 11 जण भरायचे, म्हणजे माणशी जेमतेम 10. खरा प्रश्न इथं आहे. एक तारा सोडून त्या जागी 13 चा माणूस घेतला तर 9 क्रेडिट हातात येतात. त्या 9 क्रेडिटमध्ये 10 चे तीन खेळाडू बदलून 13 चे तीन घेता येतात. एकटा तारा जास्तीचे पॉइंट किती देतो आणि हे तीन बदल मिळून किती देतात, हे ताडून बघा. पहिल्या ताऱ्याचं उत्तर बहुतेक वेळा 'घ्या' असंच येतं, कारण बऱ्याच खेळांत कॅप्टनचे पॉइंट दुप्पट होतात आणि तो दुपटीचा फायदा त्यालाच मिळतो. दुसऱ्याला तो मिळत नाही. चौथा तर नुसता पैसे अडकवून बसतो.

तोफांच्या बाजूनं सगळ्यात मोठा दाखला 2025 च्या सिक्स नेशन्सचा, म्हणजे युरोपातल्या सहा देशांच्या स्पर्धेचा आहे. फ्रान्सचा विंगर (मैदानाच्या कडेनं पळणारा) लुई बिएल-बिआरे यानं पाच सामन्यांत 8 ट्राय केल्या (ट्राय म्हणजे समोरच्याच्या रेषेपलीकडे चेंडू टेकवणं), एकही सामना कोरडा गेला नाही. तो ज्याच्या टीममध्ये होता त्याला बाकी कुणाकडे बघायची गरजच नव्हती. असा सीझन एखाद्याला लागतो, हे मी नाकारत नाही. पण ट्रायवर जगणाऱ्या विंगरचं एरवी असं नसतं. चेंडू त्याच्यापर्यंत आलाच नाही तर ऐंशी मिनिटं तो टचलाइनजवळ पळत राहतो आणि तुमच्या खात्यात काहीच पडत नाही.

त्याच स्पर्धेत डब्लिनला आयर्लंड-फ्रान्स सामना झाला, 8 मार्च 2025, आपल्याकडे शनिवारी संध्याकाळी पावणेआठला. माझा कॅप्टन आंत्वान दुपाँ, फ्रान्सचा स्क्रम-हाफ, म्हणजे घोळक्यातून चेंडू काढून पुढं देणारा. माझ्या मते त्याच्या तोडीचा दुसरा नाही. पहिल्याच हाफमध्ये त्याच्या गुडघ्याला मार लागला आणि तो लंगडत बाहेर गेला. त्याचं वाईट वाटलं ते वेगळंच. पण वहीत बघितलं तर बजेटचा दहावा हिस्सा आणि कॅप्टनची दुप्पट, दोन्ही एका धडकेत गेलं होतं. फ्रान्स मात्र 42-27 नं जिंकला. मित्राच्या पानावर फ्रान्सचा किकर तोमा रामोस होता. तो कन्व्हर्जन (ट्रायनंतरची किक) आणि पेनल्टी मारत राहिला, ट्राय कुणीही करो. त्या रात्री दोन पानं शेजारी ठेवून बघितली तेव्हा पैसा कुठल्या जागेवर लावायचा, हे मला कळलं.

किक मारणाऱ्याचे पॉइंट दुसऱ्याच्या कामावर येतात. सहकाऱ्यानं ट्राय केली की कन्व्हर्जनचे 2, समोरच्यानं चूक केली की पेनल्टीचे 3. सामना तुंबळ झाला तरी मिळतात, रटाळ झाला तरी मिळतात. 2023 च्या रग्बी वर्ल्ड कपची फायनल आठवा. दक्षिण आफ्रिकेनं न्यूझीलंडला 12-11 नं हरवलं. आफ्रिकेची ट्राय एकही नाही, त्यांचे सगळे 12 पॉइंट हान्द्रे पोलार्डच्या चार पेनल्टींचे. म्हणून एकच तोफ घ्यायची असेल तर मी ती संघाच्या पक्क्या किकरवर लावतो, मग तो फ्लाय-हाफ (10 नंबरचा, खेळ चालवणारा) असो वा फुलबॅक (सगळ्यात मागं उभा राहणारा).

त्याच फायनलमध्ये दुसरी गोष्टही आहे. पीटर-स्टेफ डु टॉइट या फ्लँकरनं (स्क्रमच्या कडेला असणारा फॉरवर्ड) 28 टॅकल केले, म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्याला 28 वेळा पाडलं, आणि सामनावीर ठरला. ज्या खेळात टॅकलला पॉइंट आहेत तिथं असा फ्लँकर म्हणजे दर महिन्याच्या पगारासारखा. मैदानात आहे तोवर जमा होत राहतं. शिवाय फ्लँकरची किंमत नावाजलेल्या बॅकएवढी (मागं राहून पळणाऱ्यांएवढी) चढलेली नसते. समतोल टीमचा कणा इथं असतो. दोन फ्लँकर आणि आठ नंबरचा खेळाडू (स्क्रमच्या शेवटी असणारा) नीट निवडा, यात काटकसर करू नका.

काटकसर करायची ती पुढच्या फळीत, म्हणजे स्क्रममध्ये सगळ्यात पुढं असणाऱ्यांत. स्क्रम म्हणजे दोन्हीकडचे आठ-आठ फॉरवर्ड एकमेकांना भिडून रेटतात ते, आणि प्रॉप म्हणजे त्यात पहिल्या ओळीत दोन्ही बाजूंना असणारे. आपल्याकडे मातीत वाढलेल्या माणसाला स्क्रम दिसला की प्रॉपच आवडतात. मान आणि खांद्याचा जोर, पायाची पकड, खासबागेतल्या कुस्तीची खडाखडी आठवते. मलाही तेच आवडतात. पण प्रॉप साधारण पन्नास ते साठाव्या मिनिटाला बदलला जातो, कारण बेंचवर आठ जण असतात आणि त्यातले बहुतेक फॉरवर्डच. डब्लिनच्या त्या सामन्यात फ्रान्सनं आठांपैकी सात फॉरवर्ड बसवले होते. वीस-तीस मिनिटं कमी खेळणाऱ्यावर पैसा घालू नका. स्वस्तातला घ्या, एवढंच बघा की तो सुरुवातीच्या 15 मध्ये आहे. बेंचवरचा 8 क्रेडिटचा माणूस स्वस्त नसतो, ती रिकामी जागा असते. चार तोफांच्या टीमची खरी अडचण हीच. शेवटचे चार-पाच जण घ्यायला पैसेच उरत नाहीत, मग बेंचवरचे घ्यावे लागतात.

आता तुमचं तुम्ही ठरवताना खेळाचे नियम आधी वाचा. दर फेरीला हवे तेवढे बदल फुकट असतील तर तोफा घेण्यात धोका कमी, कारण जखमी झालेला पुढच्या आठवड्यात काढता येतो. बदल मोजके असतील तर समतोल टीमच धरा. किंमत चढ-उतार होणारे खेळही आहेत. तिथं स्वस्त नवखा घेऊन भाव वाढला की विकायचा, ते गुळाच्या सौद्यासारखं आहे. सीझन लांब असेल तरच त्याच्या नादी लागा. पाच फेऱ्यांच्या सिक्स नेशन्समध्ये तेवढा वेळच मिळत नाही.

किती जणांशी लढायचंय तेही बघा. तालमीतल्या आठ-दहा मित्रांच्या लीगमध्ये दर आठवड्याला बरे पॉइंट घेणारा वर येतो, म्हणून तिथं समतोल. हजारो जणांत पहिलं यायचं असेल तर सगळ्यांसारखी टीम लावून चालत नाही. तिथं दुसऱ्यांकडे नसलेला एखादा महागडा विंगर घेऊन धाडस करावंच लागतं. पैसे लावून खेळायचा विषय मात्र सोडा. 2025 च्या ऑगस्टमध्ये संसदेनं तसल्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केलाय. आमची वही फक्त पॉइंटवर चालते.

वेळेचंही सांभाळा. संघ साधारण दोन दिवस आधी जाहीर होतात, आणि तिकडचा शुक्रवार रात्रीचा सामना आपल्याकडे शनिवारी पहाटे पावणेदोनच्या सुमारास सुरू होतो. त्या वेळी उठून टीम बदलू असं म्हणणारे झोपून राहतात. मी बुधवारी किकर, फ्लँकर आणि कॅप्टन लिहून ठेवतो. प्रॉपच्या दोन ओळी कोऱ्या सोडतो, संघ जाहीर झाला की सुरुवातीच्या 15 मधले दोन सगळ्यात स्वस्त तिथं भरतो आणि वही मिटतो.