घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची नक्कल: नागपूर कौटुंबिक न्यायालय

सेवा भरवशाची, पण पूर्वतयारी करणाऱ्यालाच पावते. आधी ई-कोर्ट्सच्या (न्यायालयांच्या खटल्यांची माहिती देणाऱ्या सरकारी) संकेतस्थळावर जा. पक्षकाराच्या नावाने शोधताना खटल्याच्या नोंदणीचं वर्ष टाका आणि ‘निकाली’ हा पर्याय निवडा. ‘प्रलंबित’वर राहिलात तर संपलेला खटला दिसणारच नाही. आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग दोन-तीन तऱ्हांनी टाकून पाहा. बहुतेक शोध इथेच फसतात. सापडला की १६ अक्षरांचा सीएनआर (खटल्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक), याचिका क्रमांक (आधीच्या अक्षरासकट) आणि निकालाची तारीख लिहून घ्या.

मग सिव्हिल लाइन्समध्ये न्यायालयाच्या नक्कल विभागात अर्ज द्या. न्यायनिर्णय (कारणांसह निकाल) आणि हुकूमनामा (निकालाचा औपचारिक आदेश, डिक्री) हे दोन वेगळे कागद आहेत, दोन्ही मागा. पासपोर्ट किंवा पुनर्विवाहासाठी प्रमाणित प्रतच हवी, संकेतस्थळावरची छापील प्रत कामाची नाही. पक्षकाराने ओळखपत्र न्यावं. वकील जात असेल तर वकीलपत्र. त्रयस्थाला कारण सांगणारं शपथपत्र लागतं, आणि खासगीपणा पाहता ते योग्यच आहे.

प्रत हाती येताच खिडकीवरच नावं, तारीख, शिक्का तपासा.

काटोल-रामटेककडचा दावा असेल तर तो इथे नसेल, वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायालयात विचारा.