घरघंटी घेऊन आठ महिने झाले, आता खरं खरं सांगते

घरघंटी म्हणजे घरातच पीठ दळायची विजेची छोटी गिरणी. दसऱ्याला घेतली, गेल्या आठवड्यात वटपौर्णिमा झाली, म्हणजे आठ महिने. घेतली तेव्हापासून येणारा जाणारा प्रत्येक जण एकच विचारतो, पैसे वसूल होतात का? तर ते आधीच उरकून टाकते, नाही होत. १८,५०० ला पडली. आम्ही पाच माणसं, महिन्याचं दळण साधारण २० किलो, गिरणीत किलोला ७ रुपये म्हणजे १४० रुपये. मोटर १ एचपीची, तासाला पाऊण युनिट खाते, कंपनी म्हणते तासात १० किलो गहू होतात पण आमच्याकडे सात-आठच होतात, तरी विजेचे महिन्याला वीस-पंचवीस रुपये. म्हणजे वाचले ११५-१२०. नवऱ्याने मोबाईलवर भागाकार केला, तेरा वर्षं आली. तेव्हापासून हा विषय घरात कोणी काढत नाही.

मग कशाला ठेवलीये, तर सोमवारच्या भाकरीसाठी. माझं माहेर सोलापूरकडचं, भाऊ मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी पोत्याने पाठवतो, आणि पुण्यात आल्यापासून माझं एकच रडगाणं होतं की भाकरी थापताना कडेने चिरते. ज्वारीचं पीठ आठ-पंधरा दिवसांचं झालं की त्याची विरी जाते, गव्हासारखा चिकटपणा त्यात मुळातच नसतो, मग कितीही कढत पाणी घाला, हाताखाली फाटतंच. गिरणीत एकदम पाच किलो दळून आणायचो, शेवटचे दोन किलो म्हणजे नुसता वैताग. आता रविवारी रात्री किलोभरच दळते. दळल्या दळल्या पीठ चांगलंच गरम असतं, तसंच झाकून ठेवलं तर आतून घाम सुटतो (पहिल्या महिन्यात डब्याच्या झाकणाला थेंब लटकलेले बघितलेत), म्हणून परातीत पसरून निवू द्यायचं आणि मग भरायचं. सोमवारी सकाळी त्याच पिठाची भाकरी, तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवला, उलटली, मग गॅसवर धरली की अशी टम्म फुगते की लेक किचनमध्ये फक्त ते बघायला येतो. शेंगाची चटणी, दही, बास.

आता आवाज. व्हिडिओत दाखवतात तसा गोड गुणगुणणारा वगैरे काही नाही, मिक्सरचा थोरला भाऊ आहे आणि तासभर चालू असतो. आत दगड नसतो, स्टीलची पाती गरागरा फिरून दाणा जाळीवर आपटतात, त्यामुळे आवाज होणारच. पहिल्या रविवारी दुपारी अडीचला लावली तर खालचे काका जिना चढून आले, "वहिनी, टाकीचा पंप चालू राहिलाय का हो?" खाली जाड रबरी मॅट घातल्यावर त्यांच्या छताची थरथर बंद झाली. आता त्यांच्या झोपेची वेळ सोडून लावते.

मागच्या आठवड्यातला बुधवार मात्र सांगायलाच हवा. मला ऑफिसला उशीर होणार होता म्हणून नवरा म्हणाला गहू मी लावतो, आणि खरंच लावले, धान्य निवडलं, जाळी बरोबर १ नंबरची घातली, सगळं नीट. फक्त पिठाच्या डब्याचं कापडी झाकण खटक्यात नीट बसवलं नाही आणि मशीनचं दार लावून हा गेला बाहेर फोनवर बोलायला. दहा मिनिटांनी आला तर दाराच्या फटीतून पीठ बाहेर, फ्रिज पांढरा, कुकर पांढरा, कडीपत्त्याची कुंडीसुद्धा. लेकाने फ्रिजवर बोटाने स्वतःचं नाव लिहून ठेवलं होतं, ते मी रात्री पुसलं. आणि साहेब काळ्या पँटवर मागे पाची बोटं उमटलेली घेऊन ऑफिसला जाऊन आले, दिवसभर कोणी एका शब्दाने सांगितलं नाही म्हणे.

गुरुवारी वटपौर्णिमा. आईंचं (सासूबाईंचं) म्हणणं की मशीन घरात आहे तर उपासाची भाजणी घरीच करू. मुद्दा असा की आत गहू दळलेले, कोपऱ्याकोपऱ्यात पीठ अडकलेलं, मग ते उपासाला चालेल कसं? ब्रश, जुना टूथब्रश, फडकं, पाऊण तास मी त्या मशीनच्या पोटात डोकं घालून बसले होते. मग आधी मूठभर वरई फिरवून टाकून द्यायची ठरलं. ती फिरवली, बाहेर काढली, साबुदाणा-राजगिरा-वरई भाजून गार करून वर ओतलं, बटण दाबलं आणि लाईट गेली. अडीच तास. शेवटी लाईट आल्यावर भुकेने कोणाला दम निघेना म्हणून मिक्सरवरच काढलं. थालीपीठ झालं छान पण माझा तो पाऊण तास गेलाच.

तक्रारी अजून आहेत. पावसाळ्यात धान्य जरा जरी सर्दावलं की जाळी बुजते, गहू उन्हात किंवा नुसते पंख्याखाली पसरूनच घालावे लागतात. शेंगदाणे, तीळ अजिबात घालू नका, तेल सुटून लगदा होतो, मी एकदा कुटासाठी घातले होते, टाचणीने एकेक भोक मोकळं केलं. आठवड्याला साफ नाही केली तर कोपऱ्यातल्या पिठात अळ्या होतात, मला शनिवारी दोन दिसल्या आणि मी लगेच सगळं उघडून बसले. पाचव्या महिन्यात जाळी फाटली, सर्व्हिसवाला आज येतो उद्या येतो करत अकराव्या दिवशी उगवला. एक जास्तीची १ नंबरची जाळी घेतानाच मागून ठेवा, गहू-ज्वारी दोन्ही तिच्यावरच होतं त्यामुळे तीच आधी जाते.

तिखट-मसाल्याला अजूनही डंकावर जावं लागतं, घरच्या मशीनवर मिरची केली तर पुढचे चार दिवस पोळ्या खाताना शिंका. आईंना त्याचा आनंदच आहे. गिरणीत नंबर लावून बसायचं, गल्लीतल्या बातम्या घ्यायच्या, आणि आपल्या गव्हावर आधीच्याची बाजरी येत नाही ना यावर डोळा ठेवायचा, हे त्यांचं आठवड्याचं काम मी बंद पाडलं होतं हे मला फार उशिरा कळलं. आता दर शनिवारी त्या दोन किलो गहू पिशवीत घालून गिरणीत जातात. मी काही बोलत नाही.

काल खालचे काका परत वर आले. मला वाटलं आता आवाजावरून काहीतरी. हातात स्टीलचा डबा, त्यात दोन किलो हरभरा डाळ भाजलेली, "वहिनी, लाडवाला जरा रवाळ हवंय." ३ नंबरची जाळी लावून दिलं.