मदरबोर्डचे पैसे घेतले, बिघाड होता पुढच्या यूएसबी पोर्टात

कॉम्प्युटर सुरू केला की काळ्या पडद्यावर इंग्रजीत एक सूचना यायची: यूएसबी उपकरण प्रमाणाबाहेर करंट ओढतंय, मदरबोर्ड, म्हणजे आतला मुख्य सर्किट बोर्ड, वाचवण्यासाठी मशीन १५ सेकंदांत बंद होईल. आणि ते व्हायचंच. मी पेन ड्राइव्ह काढला, प्रिंटर काढला, शेवटी कीबोर्ड-माउससुद्धा काढले. तरी सूचना तशीच. काहीच जोडलेलं नसताना करंट ओढतंय कोण, हा प्रश्न तेव्हाच मनात आला होता. पण दोन दिवसांत हिशेबाचं काम द्यायचं होतं, म्हणून मशीन उचललं आणि दुरुस्तीला नेलं.

दुरुस्तीवाल्याने सूचना वाचली आणि कॅबिनेट न उघडताच सांगितलं, "मदरबोर्ड गेला, मॅडम. यूएसबीचा भाग जळलाय." दुरुस्त नाही का होणार, विचारलं. "आज केला तर आठवड्यात परत आणाल." संध्याकाळी मशीन तयार. बिलावर 'मदरबोर्ड बदलला' एवढंच. जुना बोर्ड मागितला, तर तो बदलीत जमा करावा लागतो म्हणाला. नव्या बोर्डाचे पूर्ण पैसे देऊन मी घरी आले.

मशीन व्यवस्थित चालू लागलं, फक्त कॅबिनेटचे पुढचे दोन यूएसबी पोर्ट बंद होते. फोन केला तर उत्तर मिळालं, नव्या बोर्डाला ते जुळत नाहीत, मागचे वापरा. तीन महिने मी मागचेच वापरले.

मग भाचा आला. तो इलेक्ट्रॉनिक्स शिकतो. त्याने पुढच्या पोर्टात टॉर्च मारली आणि म्हणाला, "मावशी, हे बघ, आतली पट्टी तुटलीय." प्लास्टिकची पट्टी मोडली होती आणि तिच्यावरची एक पिन वाकून बाहेरच्या पत्र्याला टेकली होती. साध्या यूएसबी पोर्टात चार पिना असतात. एका कडेच्या पिनेवर ५ व्होल्ट, दुसऱ्या कडेला ग्राउंड, म्हणजे करंट परत जायची वाट, मधल्या दोन डेटाच्या. बाहेरचा पत्राही ग्राउंडलाच जोडलेला. त्यामुळे ५ व्होल्टची पिन पत्र्याला लागली की थेट शॉर्ट, मग पोर्ट रिकामा का असेना. यूएसबी २.० च्या पोर्टातून उपकरणाने जास्तीत जास्त ५०० मिलिअँपिअर घ्यावेत, ३.० मधून ९००, असा नियम आहे. शॉर्टमध्ये करंट त्याच्या कितीतरी पुढे जातो, म्हणून बोर्ड सगळं बंद करत होता. मला जळल्याची खूण म्हणून दाखवलेली सूचना बोर्ड शाबूत असल्यामुळेच येत होती.

आम्ही कॅबिनेट उघडलं. पुढच्या पोर्टांची वायर बोर्डाच्या ९ पिनांच्या जागेवरून उपसून बाजूला नीट बांधून ठेवली होती. दुरुस्ती एवढीच. मला अजूनही सर्वांत जास्त लागतं ते हे, की दुरुस्तीवाल्याला बिघाड बरोबर सापडला होता. माझ्याकडे मूळ बोर्डाचा खोका होता. त्यावरचा सीरियल नंबर आणि आतल्या बोर्डावरच्या स्टिकरचा नंबर अक्षरन् अक्षर एकच निघाला. तेव्हा आणखी एक गोष्ट आठवली. बोर्ड बदलला की विंडोज बहुतेक वेळा पुन्हा अ‍ॅक्टिव्हेट करायला सांगतं. मला एकदाही सांगितलं नव्हतं.

म्हणून कळकळीने सांगते, ही सूचना आली तर आधी सगळी यूएसबी उपकरणं काढा, प्रिंटरची वायरसुद्धा. मग मशीन नीट चालू झालं तर एकेक जोडत जा. ज्याच्या मागोमाग सूचना परत येईल, दोष त्याचा किंवा त्याच्या केबलचा. काहीच न जोडता सूचना आली तर प्रत्येक पोर्टात उजेड टाकून वाकलेली पिन बघा. मशीन बंद करून, प्लग काढून पुढच्या पोर्टांची वायर बोर्डावरून उपसा आणि पुन्हा सुरू करा. सूचना गेली तर बोर्ड ठीक आहे, फक्त पुढचा पोर्ट बदलायचा.

सूचना वेगळी असेल, म्हणजे मशीन चालू राहतं पण बाहेरची हार्ड डिस्क जोडली की विंडोज 'पॉवर सर्ज' म्हणतं, तर ती डिस्क स्वतःचा अ‍ॅडॉप्टर असलेल्या यूएसबी हबवर (एका पोर्टाचे अनेक पोर्ट करणारा डबा) लावून पाहा. फिरणाऱ्या डिस्कला सुरू होताना करंट जास्त लागतो, आणि लांब, बारीक केबलमध्ये व्होल्टेज पडतं ते वेगळंच.

आणि मशीन दुरुस्तीला देण्याआधी बोर्डाच्या स्टिकरचा फोटो काढून ठेवा. नवा बोर्ड घातला म्हणत असतील तर त्याचा सीरियल नंबर बिलावर लिहून घ्या आणि जुना बोर्ड हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. मी खोका आणि स्टिकरचा फोटो घेऊन त्या दुरुस्तीवाल्याकडे गेले. त्याने माझं बिल हातात घेतलं, पुन्हा वाचलं आणि विचारलं, "मी घातलेल्या बोर्डाचा नंबर यात कुठे आहे?" तो नव्हता.