स्पोर्ट्स बाइक हप्त्यावर की पैसे साठवून? कापसाच्या घरातला हिशोब

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी भाचा घरी आला आणि चहा व्हायच्या आतच मोबाइल माझ्यापुढे धरला. निळी यामाहा आर-15. वय 22, बुटीबोरीला एका कंपनीत कंत्राटी नोकरी, हातात 18 हजार पगार. दारव्हा तालुक्यात घरची सहा एकर कोरडवाहू. जवळ 70 हजार साठलेले. "मामा, बाकीचं लोन करून टाकतो. अडीच वर्ष थांबू काय आता? तवापर्यंत मॉडेल जुनं होऊन जाईन."

त्याला गप्प बसवायचं माझ्या मनात नव्हतं. वेगाची ओढ आपल्याकडे आज आलेली नाही. शंकरपटासाठी, म्हणजे बैलांच्या शर्यतीसाठी, जोडी ठेवणारी माणसं आम्ही लहानपणापासून पाहिली. घरच्या गड्याआधी त्या बैलांना सरकी-ढेप मिळायची. पोट्ट्याला देखणी गाडी हवीशी वाटते, यात काही चूक नाही. मी एका पतसंस्थेत अकरा वर्षं कर्जाच्या फायली पाहतो, म्हणून त्याला म्हटलं, दोन्ही वाटांचा हिशोब मांडू आणि मग ठरव.

आकडे आधी

रोड टॅक्स, विमा, चांगलं हेल्मेट, जॅकेट धरून गाडी 2 लाख 20 हजारांना पडते असं समजू. त्याचे 70 हजार, उरले दीड लाख.

शोरूममधल्या टेबलावर त्याला सांगितलं होतं, "फक्त 10 टक्के व्याज, तीन वर्षं, हप्ता 5,417." हे 10 टक्के फ्लॅट आहेत. म्हणजे तिसऱ्या वर्षी मुद्दल थोडंच उरलेलं असतं, तरी व्याज पूर्ण दीड लाखावरच लागत राहतं. वर्षाला 15 हजार, तीन वर्षांचे 45 हजार. घटत्या शिलकीवर, म्हणजे उरलेल्या मुद्दलावरच व्याज धरून मांडलं तर हाच दर जवळपास 18 टक्के निघतो. बँकेनं 12 टक्के घटत्या शिलकीवर दिलं, तर हप्ता 4,982 आणि तीन वर्षांचं व्याज साधारण 29 हजार. म्हणजे "12 टक्के" हा आकडा "10 टक्के"पेक्षा स्वस्त पडतो. माझ्यासमोर बसलेल्या कितीतरी मुलांना हे कोणीच सांगितलेलं नसतं.

आता तोच 5,417 चा हप्ता शोरूमऐवजी स्वतःच्या आवर्ती ठेवीत गेला तर? 70 हजार मुदत ठेवीत टाकले आणि दोन्हीवर साडेसहा टक्के व्याज धरलं, तर 25 महिन्यांत 2 लाख 20 हजारांच्या वर रक्कम जमते. गाडी दहा टक्क्यांनी महागून 2 लाख 42 हजारांची झाली, तरी 28 महिने पुरतात. कर्जात 36 महिने भरायचं, बचतीत 25 ते 28 महिने थांबायचं. गाडी हाती यायला दोन वर्षं उशीर, पण आठ ते अकरा हप्ते वाचले. हप्त्यांचीच बेरीज केली तर 43 ते 59 हजार रुपये.

किंमत दरवर्षी वाढतेच, हेही खरं नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला. त्याआधी थांबलेल्यांचे दीड-पावणेदोन लाखांच्या गाडीत बारा-चौदा हजार वाचले. अशी सूट दरवेळी मिळेल असं धरून चालता येत नाही, पण "थांबलो की महाग पडेल" ही भीतीही दरवेळी खरी ठरत नाही.

निव्वळ आकड्यांवर बचत पुढे आहे. पण आपल्या भागात निर्णय एवढ्यावर होत नाही. घरात पैसा कधी येतो, यावर तो होतो.

हप्ता दर महिन्याला, कापूस वर्षातून एकदा

भाच्याचा एक मित्र पूर्णवेळ शेती करतो. त्यालाही हीच गाडी हवी आहे. कागदावर दोघांची वर्षाची कमाई फार वेगळी नाही. पण मित्राच्या घरी पैसा सोयाबीनसोबत ऑक्टोबर-नोव्हेंबरात येतो, कापसाचा नोव्हेंबर ते फेब्रुवारी, तुरीचा त्याच सुमारास, आणि मग पुढच्या दिवाळीपर्यंत बाहेरच जातो. जून-जुलैत तर बियाणं, खत, निंदणाची मजुरी आणि शाळेच्या वह्या एकाच वेळी येतात. हप्त्याची तारीख मात्र जुलैतही पाच आणि डिसेंबरातही पाच.

ट्रॅक्टरचं कर्ज देताना बँका हे समजून घेतात. तिथे हप्ते सहामाही किंवा वार्षिक, पिकाच्या हंगामाला धरून लावले जातात. दुचाकीच्या कर्जात सहसा तशी सोय नसते. खात्यात पैसे नसले की हप्ता परत जातो, बँक आणि फायनान्सवाले दोघंही दंड लावतात, आणि सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवर, डाग पडतो तो वेगळाच.

मला सगळ्यात जास्त काळजी ज्या नुकसानीची वाटते, ते कोणत्याच कागदावर दिसत नाही. हप्ता डोक्यावर असला की माल धरून ठेवता येत नाही. 2025-26 साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये ठरला, सोयाबीनचा 5,328. पण सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) खरेदी केंद्रावर कापसात ओलावा 8 ते 12 टक्क्यांच्या आत लागतो. पहिल्या वेच्याचा ओला कापूस तिथे अडतो. ज्याला घाई नाही तो कापूस वाळवतो, नंबर लावतो, पैसे खात्यात यायची वाट पाहतो. ज्याची पाच तारीख जवळ आली, तो गावातल्या व्यापाऱ्याला पडत्या भावात देऊन मोकळा होतो. क्विंटलमागे 500 रुपये जरी कमी मिळाले, तरी 20 क्विंटलमागे 10 हजार गेले. तेही गाडीचंच व्याज आहे, फक्त पावती मिळत नाही. हमीभावानं मोजलं तर ती गाडी म्हणजे 27 क्विंटल कापूस. कोरडवाहू वावरात तेवढा निघायला पाच-सहा एकर लागतात.

दुसरा धोका पीककर्जाचा. 3 लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे शेतकऱ्याला ते बिनव्याजी पडतं. गाडीच्या हप्त्यापायी ते थकलं, तर 18 टक्क्यांच्या कर्जासाठी शून्य टक्क्यांचं कर्ज घालवलं असं होतं. मार्चमध्ये अशा घरांतले वडील माझ्यासमोर येऊन बसतात. मुलगा बहुतेक वेळा सोबत नसतो.

म्हणून ज्याच्या घरी पैसा फक्त पिकातून येतो, त्याला मी स्पष्ट सांगेन: हप्त्यावर घेऊ नको. बचतही दरमहा नको, ती जमणार नाही आणि मन खचेल. तूर-कापूस विकला की त्याच दिवशी ठरलेला हिस्सा मुदत ठेवीत टाक. दोन हंगाम नीट झाले तर गाडी येईल, आणि एखादं साल बुडालं तर कोणी दारात वसुलीला उभं राहणार नाही. भिशीत टाकायचे असतील तर ओळखीतल्या छोट्या भिशीपुरतंच. आणि आईच्या बचत गटातून गाडीसाठी कर्ज कधीच काढू नका. एकानं हप्ता चुकवला की गटातल्या दहा बायकांना पुढचं कर्ज मिळायला त्रास होतो.

पगार असेल तर

भाच्याची गोष्ट थोडी वेगळी. पगार दर महिन्याला येतो, त्यामुळे हप्ता त्याला झेपू शकतो. वेळेवर फेडलेल्या छोट्या कर्जानं सिबिलही चांगलं तयार होतं, पुढे घरासाठी उपयोगी पडतं. आणि बावीसाव्या वर्षी गाडी चालवण्याचा जो आनंद आहे, तो पुढे तसाच मिळेल असं मी त्याला सांगू शकत नाही. हा मुद्दा मी हिशोबात धरतो.

पण त्याचा करार अकरा महिन्यांचा आहे आणि कर्ज 36 महिन्यांचं. 18 हजारांतून खोलीभाडं, मेस आणि घरी पाठवायचे पैसे गेल्यावर 5,417 निघतात, पण त्यानंतर काहीच उरत नाही. बापाचा दवाखाना निघाला तर पहिला हप्ता तिथेच चुकेल. माझ्या मते तीन महिन्यांचा खर्च बाजूला असल्याशिवाय पगारदारानंही दुचाकीचं कर्ज काढू नये.

त्याच्यासाठी मला मधली वाट बरी वाटते. एक वर्ष 5,417 साठवायचे. आधीचे 70 हजार धरून व्याजासह साधारण 1 लाख 42 हजार होतात. मग फक्त 78 हजारांचं कर्ज, 18 महिन्यांसाठी, 12 टक्के घटत्या शिलकीवर. हप्ता 4,757 आणि एकूण व्याज 7,600 च्या आसपास. 45 हजारांच्या जागी 7,600. शिवाय वर्षभर हप्ता स्वतःलाच भरून पाहिला, की तो खरंच झेपतो का हे कर्ज काढण्याआधीच कळतं. त्या वर्षात करार नूतन झाला नाही, तर अंगावर कर्ज नाही आणि पैसे खात्यात आहेत.

ज्यांना दोन वर्षं जुनी गाडी चालते, त्यांनी तीही बघावी. विम्यात दोन ते तीन वर्षांच्या गाडीची किंमत 30 टक्के घटवून धरतात, बाजारभावही त्याच्या आसपास बोलायला हरकत नाही. फक्त आरसीवर (गाडीच्या नोंदणी दाखल्यावर) आधीच्या कर्जाचा बोजा चढलेला नाही ना, हे आरटीओत तपासा.

थारची स्वप्नं पाहणारेही गावात आहेत. चारचाकीला हाच हिशोब मोठा होतो: 10 लाख, सात वर्षं, साडेनऊ टक्के म्हणजे हप्ता 16,344 आणि व्याज 3 लाख 73 हजार. कोरडवाहू घरात हा विषय मी पुढे नेत नाही.

गाडी कुठे चालणार, याचाही विचार करा. समृद्धी महामार्ग वर्धा, अमरावती, वाशिम, बुलढाण्यातून जातो, पण तिथे दुचाकीला प्रवेश नाही. पावसाळ्यात पांदण रस्त्यावरची काळी माती चाकाला चिकटली की या गाडीचा काही उपयोग नसतो, आणि खताचं पोतं तर तिच्यावर कधीच येणार नाही. घरात दुसरी साधी गाडी नसेल तर वावराची कामं अडतील.

कर्ज घ्यायचंच ठरलं, तर सही करण्याआधी ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ (कर्जाच्या मुख्य अटींचा कागद) मागा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं 1 ऑक्टोबर 2024 पासून ते प्रत्येक नव्या किरकोळ कर्जासोबत द्यावंच लागतं, आणि तेही तुम्हाला समजणाऱ्या भाषेत. त्यात एपीआर लिहिलेला असतो: व्याज, प्रोसेसिंग फी सगळं धरून खरा वार्षिक दर. दोन ठिकाणचे एपीआर शेजारी ठेवून बघा, "10 टक्के" या तोंडी आकड्याकडे बघू नका. मुदतीआधी फेडलं तर दंड किती, हेही त्याच वेळी विचारा. आणि शेवटचा हप्ता गेला की एनओसी (ना-हरकत दाखला) व फॉर्म 35 (बोजा उतरवण्याचा अर्ज) घेऊन आरसीवरचा बोजा काढून घ्या. गाडी विकायला निघाल्यावर यासाठी धावपळ करणारे मी पुष्कळ पाहिले.

भाच्यानं अजून ठरवलेलं नाही. पुढच्या रविवारी येताना पगाराच्या तीन स्लिपा, कराराची प्रत आणि वडिलांच्या पीककर्जाचं पासबुक आणायला सांगितलंय. पासबुकावरून तो जरा अडला. "बाबाचं काऊन पायजे, गाडी तं मी घेऊन राहिलो ना?" म्हटलं, सहा एकर दोघांचे आहेत, घेऊन ये.