कुत्रा, बोका आणि भाड्याचं घर: आठ महिने राहून झाल्यावर

पहिल्या आठवड्यात लिहायला बसले असते तर या घराला पाचपैकी पाच तारे दिले असते. तिसऱ्या महिन्यात दोन. आता आठ महिने झालेत आणि ताऱ्यांवरचा माझा विश्वास उडालाय, त्यामुळे काय काय झालं तेच सांगते.

नोकरी बदलली, रुजू व्हायला पाच आठवडे हातात होते. सोबत ढब्बू: नऊ वर्षांचा, मिश्र जातीचा, २४ किलोचा कुत्रा. आणि पिंट्या: निर्बीजीकरण झालेला बोका, वजन सहा किलो, तोरा साठ किलोचा. पगार थोडा वाढला होता, पण नव्या ठिकाणची भाडी त्याहून जास्त.

घर शोधताना जाहिरातींमधला 'पाळीव प्राणी चालतील' हा रकाना सर्वांत फसवा निघाला. कोणाच्या डोक्यात माशांची टाकी होती, कोणाच्या मांडीवर मावणारं पिल्लू. एकाने सांगितलं, 'आधीच्या भाडेकरूकडे मांजर होतं म्हणून तसं लिहिलंय, पुन्हा नको.' सुरुवातीला मी शहाणपणा करून प्राण्यांचा विषय शेवटी काढायचे. घर आवडलं, भाडं ठरत आलं, की मग हळूच 'एक कुत्रा आणि एक बोका आहे हं.' तिथे फोन थंड. चार-पाच वेळा असं झाल्यावर पहिल्याच वाक्यात सांगायला लागले. फोन लवकर संपायला लागले, पण जे पुढे गेले ते खरे होते. एकूण ३१ फोन, त्यातून प्रत्यक्ष पाहिलेली घरं चार.

दोघांची एक फाईल केली होती, दोन पानांची. फोटो, वय, वजन, रेबीजसह सगळ्या लसींच्या तारखा, निर्बीजीकरणाचे दाखले, कातडीखाली बसवलेल्या मायक्रोचिपचा १५ अंकी नंबर, आणि जुन्या घरमालकांनी दिलेलं चार ओळींचं पत्र. बाकी कागद लोकांनी चाळले, वाचलं ते फक्त पत्र. (चिपबद्दल एक सांगून ठेवते, कारण तीन घरमालकांचा तोच गैरसमज होता. चिपवरून प्राणी कुठे आहे ते कळत नाही. तिच्यात बॅटरीच नसते. स्कॅनर जवळ धरला की नंबर दिसतो, बस्स. आणि घर बदलल्यावर नोंदणीत नवा पत्ता आणि फोन घातला नाही, तर त्या नंबरचा उपयोग शून्य.)

या घराच्या मालकीणबाईंनी, म्हणजे काकूंनी, फाईल बाजूला ठेवली आणि एकच विचारलं, 'तू कामावर गेलीस की हा काय करतो?' मी म्हटलं, 'झोपतो काकू.' जुन्या घरी झोपायचा हे खरंच होतं. इथे काय करेल हे मी कुठून सांगणार? तो प्रश्न मी तेव्हा हसण्यावारी नेला, त्याची किंमत पुढे येतेच.

परवडण्याच्या हिशोबाबद्दल. उत्पन्नाच्या ३० टक्क्यांपर्यंत भाडं असावं असं सगळे सांगतात. हा आकडा रूढ झाला तो अमेरिकेतल्या सरकारी घरांच्या भाड्यामुळे. १९६९ मध्ये तिथे भाड्याची मर्यादा उत्पन्नाच्या २५ टक्के ठरवली, १९८१ मध्ये ती ३० केली. म्हणजे सरकारने भाडेकरूकडून किती घ्यावं याचा तो नियम. त्यात ढब्बूचं खाणं, पिंट्याची लिटर (त्याच्या शी-शूच्या ट्रेमधली वाळू), डॉक्टर, दिवसा फिरवायला येणारा माणूस यातलं काही धरलेलं नाही. मी हे खर्च आधी वजा केले आणि उरलेल्यातून भाडं बघितलं, तेव्हा परवडणारं भाडं ३० वरून २३ टक्क्यांवर आलं. यादीतली निम्मी घरं तिथेच गळाली.

दुसरी गंमत अनामतीची. प्राण्यांसाठी घरमालक तीन प्रकारे पैसे मागतात: परत मिळणारी जादा अनामत, परत न मिळणारी एकरकमी फी, किंवा दरमहा जादा भाडं. एक घर या घरापेक्षा दहा टक्के स्वस्त होतं, मी जवळजवळ होकार दिला होता. मग कळलं की प्रत्येक प्राण्यामागे दरमहा पाच टक्के वेगळे. दोन प्राणी, दहा टक्के. स्वस्ताई तिथेच संपली, वर एकरकमी फी होतीच. काकूंनी जादा अनामत मागितली, मी दिली. कागदावर हा पर्याय सर्वांत चांगला, पण त्या महिन्यात घर मिळेपर्यंत घेतलेल्या तात्पुरत्या खोलीचं भाडं, सामानाचा ट्रक, अनामत, सगळं एकदम आलं आणि पहिला पगार महिनाअखेरीला. थोरल्या ताईकडून उसने घेतले. पिंट्यालाही सहा आठवडे तिच्याकडेच ठेवलं होतं, त्यामुळे उपकार दुप्पट.

ती तात्पुरती खोली महाग होती, तरी त्या पैशांचं मला वाईट वाटत नाही. फोटो आणि व्हिडिओ कॉलवरून सही केली असती तर त्या दहा टक्केवाल्या घरात अडकले असते. ते घर मी तिथे असताना संध्याकाळी पाहायला गेले आणि तेव्हाच कळलं की कुत्र्याला रात्री बाहेर न्यायला समोर फक्त सहापदरी रस्ता आहे.

भाडेकरारावर मात्र माझ्या हातून एक चांगलं काम झालं. मसुद्यात होतं, 'प्राण्यांचा त्रास झाल्यास ते हलवावे लागतील.' त्रास कोणाला, किती, ठरवणार कोण? मी काकूंना म्हटलं, 'एवढं जरा नीट लिहूया.' शेवटी ठरलं ते असं: तक्रार लेखी हवी, ती आल्यावर सुधारायला मला ३० दिवस. आणि 'प्राण्यांना परवानगी' एवढ्यावर न थांबता 'एक कुत्रा, एक मांजर' असा स्पष्ट उल्लेख.

तिसऱ्या महिन्यात ती ओळ उपयोगी पडली. खालच्या मजल्यावरून लेखी तक्रार आली: कुत्रा दिवसभर भुंकतो. माझा विश्वास बसेना. कॅमेरा लावला. मी बाहेर पडल्यावर अकराव्या मिनिटाला ढब्बू उठला, दाराशी गेला आणि सुरू. मधे थांबायचा, पुन्हा सुरू. दोन दिवसांची रेकॉर्डिंग वेळेनुसार जुळवून पाहिल्यावर लक्षात आलं की प्रत्येक वेळी आधी लिफ्ट हललेली असते. हे घर सर्वांत वरच्या मजल्यावर, लिफ्टच्या मशीनरूमला लागून. भाडं कमी का, याचं उत्तर मला तिसऱ्या महिन्यात मिळालं. मला तिथे फक्त बारीक घरघर ऐकू येते. माणसाचा कान २०,००० हर्ट्झच्या आसपास थांबतो, कुत्र्याचा ४५,००० च्या आसपास जातो. आणि त्याच्या लेखी लिफ्ट म्हणजे कोणीतरी येतंय, कदाचित मीच.

उपाय साधे होते, पण त्यांना वेळ लागला. त्याचं अंथरूण मागच्या खोलीत नेलं, मधलं दार बंद ठेवायला लागले, जाड पडदा लावला, पंखा चालू. दुसरं म्हणजे बाहेर जाण्याचा सराव. किल्ल्या उचलायच्या आणि पुन्हा बसायचं. दाराबाहेर तीस सेकंद, मग दोन मिनिटं, मग पाच. तो अस्वस्थ होण्याआधी परत यायचं, यातच सगळी मेख. पहिल्या रविवारी मी घराबाहेर ४० वेळा गेले असेन, समोरच्या आजी शेवटी म्हणाल्या, 'अगं, किल्ली हरवली का तुझी?' पंचविसाव्या दिवशी खालच्या मजल्यावर विचारायला गेले. म्हणाले, 'आता एखाद्या वेळी ऐकू येतो, चालेल.' ते 'चालेल' मी काकूंना लेखी पाठवलं.

पिंट्याची गोष्ट वेगळी. मांजराला नवं घर एकदम दाखवू नये, एका खोलीपासून सुरुवात करावी, हे ठाऊक होतं. नऊ दिवस तो बेडरूममध्येच राहिला. एका मांजराला दोन ट्रे हवेत, कारण नियम आहे मांजरं अधिक एक. मी एकच ठेवला, जागा नव्हती म्हणून. चौथ्या आठवड्यात तो सारखा ट्रेमध्ये जाऊन बसायला लागला, बाहेर काहीच येईना. त्याआधी दोनदा त्याने कोपऱ्यात केलं होतं, मी ते रुसणं समजले होते. बोक्यांची मूत्रनलिका अरुंद असते, ती तुंबली तर काही तासांतच प्रकरण जिवावर येऊ शकतं. घर निवडताना नकाशावर रात्रभर उघडं असणारं प्राण्यांचं रुग्णालय किती लांब आहे ते मी पाहिलं होतं, पंधरा मिनिटांवर होतं. कॅथेटर (लघवीची नळी), तीन दिवस मुक्काम. बिल जवळपास एका महिन्याच्या भाड्याएवढं. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो 'घर बदललंय का?' ताणामुळे मूत्राशयाला सूज येण्याचा प्रकार मांजरांमध्ये नेहमीचा आहे. आता दोन ट्रे आहेत, दुसरा माझ्या टेबलाखाली. वास येतो. सवय झाली.

त्या कोपऱ्यातल्या दोन प्रसंगांनी बेडरूमची लाकडी दिसणारी लॅमिनेट जमीन खाल्ली. पाणी सांध्यांतून आत जातं आणि फळ्यांच्या कडा फुगतात, त्या पुन्हा बसत नाहीत. बाहेरच्या खोलीतल्या टाइल्सवर ढब्बू घसरतो, पण ती जमीन अजून जशीच्या तशी आहे. पुन्हा घर बघेन तेव्हा स्वयंपाकघराआधी जमीन बघेन. वासासाठी एन्झाइमवालं क्लीनर घ्या, ओतून लगेच पुसू नका, ओलं राहू द्या. लघवीतलं युरिक अॅसिड साध्या पाण्याने निघत नाही, हवा दमट झाली की वास परत येतो. अमोनियावालं क्लीनर तर नकोच, मांजराला तो आपलाच वास वाटतो.

सगळ्यात वसूल झालेली वस्तू म्हणजे अतिनील (यूव्ही) टॉर्च, त्याच्या उजेडात वाळलेली लघवी चमकते. ताबा घेतला त्या संध्याकाळी सगळे दिवे बंद करून फिरवला. सोफ्यामागे मोठा जुना डाग चमकला, म्हणजे आधीच्याही कुणी तिथे कार्यक्रम उरकला होता. लगेच फोटो काढले, काकूंना पाठवले, दोघींनी आधीपासूनच्या डागांच्या यादीवर सह्या केल्या.

बाल्कनीला नायलॉनची जाळी लावली होती, ती पिंट्याने पाचव्या महिन्यात कुरतडली. आता स्टीलच्या तारेची आहे. मांजर पायावरच पडतं, त्याला काही होत नाही, असं मला निदान चौघांनी सांगितलंय. त्याचं मूळ १९८७ च्या एका अभ्यासात असावं: उंच इमारतींवरून पडलेली १३२ मांजरं, त्यातली जवळपास ९० टक्के वाचली. पण ही दवाखान्यात आणलेली मांजरं. जी जागेवरच गेली त्यांना दवाखान्यात कोण आणणार? जाळीवर काटकसर करू नका.

आपोआप खाणं देणाऱ्या यंत्राबद्दल एकच वाक्य: ढब्बूने दुसऱ्या दिवशी उघडलं.

गेल्या आठवड्यात काकू करार वाढवायला आल्या होत्या. ढब्बूने त्यांच्या चपला हुंगल्या आणि मागच्या खोलीत निघून गेला. पिंट्या थेट त्यांच्या पिशवीत जाऊन बसला. भाडं त्यांनी थोडं वाढवलं, मला ते मान्य आहे, याहून स्वस्त घर माझ्या हिशोबाने स्वस्त पडत नाही. बेडरूमच्या चार फळ्यांचे पैसे अनामतीतून जाणार हेही ठरलंय. किती, यावर घासाघीस चालू आहे. काकू म्हणतात पूर्ण खोलीची जमीन बदलावी लागेल, मी म्हणते चार फळ्या मिळतात का ते आधी बघूया.