कागदी पुष्पगुच्छ : कार्डशीट घ्यावी की क्रेप?

भेट म्हणून कागदी फुलांचा गुच्छ करायचा असे मनाशी ठरले की पहिला प्रश्न कागदाचा येतो आणि तो सुटेपर्यंत बाकीच्या खरेदीला हात न लावलेला बरा, कारण तार कोणती, गोंद कोणता आणि हाताशी किती संध्याकाळी हव्यात हे सारे कागदावर अवलंबून असते. कार्डशीट हा जाडसर, ताठ कागद आणि क्रेप हा सुरकुत्यांचा, ताणला जाणारा कागद, अशा दोन्ही कागदांचे गुच्छ मी केले आहेत. सुरुवातीचे तीन कार्डशीटचे होते, त्यानंतरचे सगळे क्रेपचे. एवढ्यावरून माझा कल लक्षात येईलच, पण कार्डशीटचे जे गुण आहेत ते आधी सांगायला हवेत.

ज्याने आजवर एकही कागदी फूल केलेले नाही, त्याला कार्डशीट लवकर यश देते. वर्तुळ कापायचे, त्यातून बाहेरून आत जाणारी गोल गोल पट्टी कापायची, बाहेरच्या टोकापासून ती गुंडाळत यायचे आणि उरलेल्या मधल्या चकतीवर गोंद लावून गुंडाळी तिच्यावर बसवायची, की दहा मिनिटांत गुलाब तयार होतो. गुंडाळी सोडली की ती थोडी सैल होते आणि त्या सैल होण्यातच फूल उमलल्यासारखे दिसते. १२० ते १६० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधले वजन) कागद या कामाला चांगला. त्याहून जाड घेतला तर आतले वेढे गुंडाळताना तडकतात. सूर्यफूल, डेझी अशा सरळ, रेखीव पाकळ्यांच्या फुलांना तर कार्डशीटइतका सुबक कागद नाही, कारण कात्रीने जी कड दिली ती तशीच राहते.

न ताणल्या जाणाऱ्या कागदाला कमी लेखू नये, असे मला एका उदाहरणावरून वाटते. इंग्रज कलाकार मेरी डिलेनी यांनी १७७२ मध्ये, वयाची सत्तरी ओलांडल्यानंतर, रंगीत कागदाचे बारीक कपटे काळ्या कागदावर चिकटवून फुलांची चित्रे करायला घेतली आणि पुढच्या सुमारे दहा वर्षांत ९८५ चित्रे केली. ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. मात्र ती चित्रे सपाट आहेत आणि समोरूनच पाहायची आहेत, तर गुच्छ हातात घेऊन फिरवून पाहिला जातो, हा फरक निवड करताना महत्त्वाचा ठरतो.

माझी निवड ज्या एका त्रासामुळे बदलली, तो म्हणजे घडीची पांढरी रेघ. बऱ्याच रंगीत कार्डशीटचा रंग वरवरचा असतो आणि आतला गर पांढरा राहतो. पाकळीवर अंगठा जरा जोरात दाबला गेला, किंवा देठ बसवताना शेजारचे फूल किंचित मुडपले, की तिथे केसासारखी बारीक पांढरी रेघ उमटते आणि ती पुन्हा जात नाही. माझा दुसरा गुच्छ गडद लाल गुलाबांचा होता. बांधता बांधता एका बाहेरच्या पाकळीवर अशी रेघ पडली, म्हणून मी तिच्यावर लाल पेन फिरवले, तर रेघेच्या जागी काळपट पट्टा आला आणि ते फूल शेवटी मागच्या बाजूला दडवावे लागले. पुढे तो गुच्छ पिशवीतून दोन तासांचा प्रवास करून पोहोचला, तेव्हा आणखी चार फुलांवर रेघा होत्या. ज्या मैत्रिणीला तो दिला तिने त्याविषयी अक्षरही काढले नाही, पण ती फुले न्याहाळत असताना माझी नजर त्या रेघांवरून हलत नव्हती. आतपर्यंत रंगलेला कागद घेतला तर पांढरेपणा टळतो हे खरे, तरी मोड तसाच राहतो. एकदा मोडलेली कार्डशीट तो मोड विसरत नाही.

क्रेपचा स्वभाव नेमका उलटा आहे. त्याच्या अंगावर मुळातच उभ्या बारीक सुरकुत्या असतात, त्यामुळे नवी चुणी पडली तरी ती त्यांच्यात मिसळून जाते. प्रवासात मुडपलेली पाकळी मी अंगठ्याने आतून हलकेच दाबून पुन्हा फुलवली आहे आणि नंतर ती कोणती होती हे मलाही शोधता आलेले नाही. हाताने केलेली भेट बहुधा कुठेतरी न्यावीच लागते, म्हणून हा गुण मला सर्वांत मोलाचा वाटतो.

दुसरे सुख पाकळीला आकार देण्याचे. सुरकुत्या उभ्या येतील अशा बेताने पाकळी कापायची, दोन्ही अंगठे मधोमध ठेवायचे आणि कागद दोन्ही बाजूंना हळूच ताणायचा. मध्यभागी वाटीसारखा खोलगटपणा येतो आणि तो तसाच टिकतो. मग वरची कड चिमटीत धरून ताणली की तिला लाट येते. कार्डशीटला असा खोलगटपणा द्यायचा तर चिरा देऊन, एकावर एक चढवून चिकटवावे लागते आणि तो सांधा झाकत बसावे लागते.

क्रेप घेताना मात्र सजावटीच्या झालरींचा पातळ कागद घेऊ नये. तो पुरेसा ताणला जात नाही आणि त्यातून पलीकडचे दिसते. फुलांसाठी ६० ते १८० जीएसएमचा क्रेप मिळतो. मोठ्या गुलाबाला १८० चा बरा, नाजूक फुलांना पातळ. दोन थर एकमेकांना चिकटवलेला, दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या छटा असलेला क्रेपही असतो आणि लिलीच्या पाकळीला तो फार शोभतो.

क्रेपचे दोष लपवण्यात अर्थ नाही. ओल्या बोटाने त्याचा रंग सुटतो. पातळ गोंद जास्त झाला तर तो झिरपून गडद डाग पडतो, म्हणून काडीच्या टोकावर मावेल एवढाच गोंद घ्यावा लागतो. उन्हात रंग विटतो. सुरकुत्यांची दिशा चुकली तर ती पाकळी टाकूनच द्यावी लागते, आणि एकदा जास्त ताणलेला भाग पुन्हा आखडत नाही. वेळही अधिक लागतो. माझ्या पहिल्या क्रेप गुलाबाला पाऊण तास गेला, आता वीस-पंचवीस मिनिटे पुरतात. नऊ फुलांचा गुच्छ कार्डशीटमध्ये एका संध्याकाळी उरकतो, तर क्रेपमध्ये तीन संध्याकाळी धराव्यात.

तार आणि टेपच्या बाबतीत फारसा फरक नाही. तारेचा क्रमांक जितका मोठा तितकी ती बारीक, एवढे लक्षात ठेवून देठाला १८ आणि पाकळीला २६ क्रमांकाची घ्यावी. देठाची हिरवी टेप ताणल्याशिवाय चिकटत नाही, म्हणून ती ओढत ओढत गुंडाळावी. क्रेपची पाकळी टेपनेच देठाला घट्ट बसते. जाड कार्डशीटला बहुतेक वेळा ग्लू गन लागते आणि मग गोंदाचे तंतू वेचत बसावे लागते.

भेट उद्याच द्यायची असेल, मुलांना सोबत घेऊन करायची असेल किंवा गुच्छ चौकटीत बसवून भिंतीवर लावायचा असेल, तर कार्डशीट घ्यावी; तिथे तिचे दोष आड येत नाहीत. हाताशी आठवडा असेल आणि गुच्छ कुणाच्या तरी हातात पडणार असेल, तर माझ्या अनुभवापुरते सांगायचे झाल्यास क्रेपच घ्यावा. पहिल्या दोन-तीन पाकळ्या वाया जातील असे धरून कागद थोडा जास्त आणावा.

पाने मात्र मी अजूनही कार्डशीटचीच करतो. हिरवा कागद पानाच्या आकारात कापून मधोमध घट्ट घडी घालतो आणि ती नखाने दाबतो. गुलाबावर जी पांढरी रेघ मला सोसत नव्हती, ती इथे पानाची मधली शीर होऊन उमटते.