म्युझिक ॲपचं प्रीमियम: पावसाळाभर वापरून झाल्यावर

परवा रात्री इथे वेंगुर्ल्यात लाईट गेली, मागोमाग रेंजपण गेली, म्हटलं डाऊनलोड केलेली गाणी लावू तर सगळी यादी राखाडी! महिन्यातून एकदा ॲप ऑनलाईन आणावंच लागतं म्हणे. डेटा वाचावा म्हणून मी ते ऑफलाईन मोडवरच ठेवतो. कस्टमर केअरचं उत्तर ठरलेलं, ‘नियमांत लिहिलंय’. पैसे घेताना ठळक सांगा की मग. रागाने एकच स्टार द्यायला बसलो होतो.

पण गाणं सापडण्याच्या बाबतीत ॲपने जे दिलंय ते नाकारता येत नाही. अंतराळात गेलेल्या व्हॉयेजर यानातल्या तबकडीत गायिका केसरबाई केरकरांची भैरवी आहे हे ऐकून होतो, म्हणून एकदा त्यांचं नाव टाकलं, आणि ते गाणं संपल्यावर आपोआप मोगूबाई कुर्डीकर सुरू झाल्या. मी त्यांना फक्त गायिका किशोरीताई आमोणकरांच्या आई म्हणून ओळखायचो! दोघी गोव्याच्या, केरी नि कुर्डी, दोघी जयपूर घराण्याच्या अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या, आणि दोघींची तान किती वेगळी. वडलांच्या काळी अशी तबकडी ऐकायची तर ती ज्याच्याकडे आहे त्याच्या घरी जाऊन बसावं लागायचं.

आता माझी खरी तक्रार, गाण्याखाली दिलेलं साल. ७८ आरपीएमची (मिनिटाला ७८ फेरे घेणारी) जुनी तबकडी, तीन-साडेतीन मिनिटांत अख्खा राग मांडलेला, मागे सुईची खरखर स्पष्ट ऐकू येतेय आणि खाली लिहिलंय २००८! केसरबाई १९७७ मध्ये गेल्या हो. ते साल डिजिटल आवृत्ती काढल्याचं, पण नवीन ऐकणाऱ्या पोराला काय कळणार, त्याला वाटेल बाई परवापरवापर्यंत गात होत्या. तबल्यावर कोण, सारंगीवर कोण, काही नाही. रेडिओवर गाण्याआधी गीत, संगीत, गायक सगळं सांगायचे, त्यावरून आपण पुढचं शोधायचो. इथे पुढचं गाणं आयतं येतं पण धागा हातात येत नाही. दोनदा रिपोर्ट केलं, साल अजून तेच.

आमच्याकडची डबलबारी भजनं, म्हणजे दोन भजनी बुवांचा सामना, तर इथे जवळजवळ नाहीतच, ती यूट्यूबवरच ऐकतो, फुकटात.

तरी मोगूबाईंसाठी तीन स्टार. वर्षाचा प्लॅन मात्र परत घेणार नाही, साल दुरुस्त करेपर्यंत महिन्याचेच पैसे भरीन.